तेल कुठून येतंय ते आधी शोधा

गाडीखाली तेलाचा डाग दिसला की बहुतेक माणसं दोनपैकी एक वाट धरतात. काही जण "जुनी गाडी आहे, चालायचंच" म्हणत महिनोन्‌महिने वरून तेल ओतत राहतात. बाकीचे घाबरून गाडी गॅरेजला लावतात आणि समोरचा सांगेल त्याला मान डोलावतात. तेल नेमकं कुठून येतंय हे मात्र कुणी बघत नाही. माझ्या मते सगळी दुरुस्ती त्या एका प्रश्नात आहे. गळतीची जागा बिनचूक सापडली की पुढचं काम पुष्कळदा काही शेकड्यांच्या रबराचं आणि एका सुट्टीच्या दिवसाचं असतं. जागा चुकली तर इंजिन खोलूनही डाग तिथंच.

मी साताऱ्याच्या एमआयडीसीत मेंटेनन्स फिटर होतो, हायड्रॉलिक प्रेसवर. पॅकिंग, सील, ओ-रिंग यांच्यात माझी सगळी नोकरी गेली. प्रेसखाली तेल दिसलं की आमचे जुने फोरमन एक हिशोब मांडायला लावायचे. एक थेंब ०.०५ मिलीलिटर धरा. मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला १,४४० थेंब, ७२ मिलीलिटर. महिन्याला दोन लिटरच्या वर. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते असं. गाडी काही दिवसभर चालत नाही. दिवसाला दोन तास धरले तर हे महिन्याला १८० मिलीलिटरवर येतं. पण वर्षाचे दोन लिटर झालेच, आणि छोट्या गाडीच्या इंजिनात मुळात तेल मावतं ते तीन लिटरच्या आसपास. मिनिटाला एकच थेंब आहे म्हणून गप्प बसणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून बघावा.

हे आत्ता लिहायचं कारण माझा भाचा. तो बामणोलीकडच्या एका जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. राहतो साताऱ्यात, म्हणजे रोज यवतेश्वरचा घाट चढायचा, कासवरून पुढं जायचं आणि संध्याकाळी परत उतरायचं. गाडी वॅगन आर, के-सिरीजचं एक लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन, सेकंडहँड घेतलेली. मे महिन्यात त्याच्या लक्षात आलं की घाट चढून गेलं की करपल्यासारखा वास येतोय आणि सकाळी गाडीखाली काळा ठिपका दिसतोय. एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथं खालून बॅटरी मारून बघितलं आणि सांगितलं, इंजिन उतरवावं लागेल, सगळी सीलं बदलू, वीस हजार धरून चला.

त्याच रात्री आक्काचा फोन. "अरे, पावसाचे दिवस तोंडावर आलेत. तो रोज त्या घाटातनं एकटा जातोय. तू एकदा बघ की."

आक्काची काळजी रास्त होती. इंजिनातली तेलाची पातळी खाली गेली की सपाट रस्त्यावर काही कळत नाही. घाटात चढ आणि वळण एकत्र आलं की चेंबरमधलं, म्हणजे इंजिनच्या तळातल्या तबकातलं, तेल एका बाजूला सरकतं, पंपाच्या तोंडाची जाळी उघडी पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. बेअरिंगला तेल नाही मिळालं तर इंजिन फार वेळ तग धरत नाही. तेलाच्या बुधलीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर "पुढच्या गावापर्यंत जाऊ" असं अजिबात म्हणायचं नाही. गाडी बाजूला घेऊन जागच्या जागी बंद करायची. कासच्या पुढं पावसात धुकं उतरतं तेव्हा रस्त्याला चिटपाखरू नसतं, त्यामुळं ही वेळ येऊच नये हे बरं.

रविवारी भाचा गाडी घेऊन आला. "मामा, इंजिन खरंच उतरवावं लागेल का हो?"

"आधी धुऊया. मग इंजिनच सांगेल."

धुण्याच्या आधी एक गोष्ट मात्र बघून घ्यायची असते, ती म्हणजे गळणारं तेल इंजिनचंच आहे का. रात्रभर गाडीखाली खोक्याचा मोठा पुठ्ठा पसरायचा आणि पुढच्या चाकांच्या जागा पेनानं त्यावर आखून ठेवायच्या. सकाळी डाग कुठं पडलाय आणि कसला आहे हे उजेडात नेऊन बघता येतं. तपकिरी-काळं आणि बोटाला ओशट लागलं तर इंजिन ऑइल. हिरवं, निळं किंवा लाल आणि पाण्यासारखं पातळ असेल तर कूलंट. पिवळसर, पातळ आणि चाकाजवळ पडलेलं असेल तर ब्रेक ऑइलचा संशय घ्या आणि गाडी हलवू नका. जाड, उग्र गंधकासारखा वास असलेलं बहुधा गिअर ऑइल. आणि स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, उन्हाळ्यात ते पडायलाच हवं.

साताऱ्यात या पुठ्ठ्याच्या बाबतीत एक अडचण आहे. आमचं घर समर्थ मंदिराच्या वरच्या अंगाला, गल्ली सगळी उताराची. गाडीचं तोंड चढाकडं ठेवलं तर तेल चेंबरच्या कडेनं मागं ओघळत जातं आणि तिथं पडतं. तोंड उताराकडं केलं की तोच थेंब पुढं दिसतो. भाच्याची गाडी त्याच्या घरासमोर कायम चढाकडं तोंड करून उभी असायची, म्हणून डाग मागं पडायचा आणि बघणाऱ्याच्या डोक्यात लगेच मागचं क्रँक सील, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला क्रँकच्या दांड्याभोवती तेल अडवणारं रबर, यायचं. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला राहणाऱ्या प्रत्येकानं हे ध्यानात ठेवावं. डागावरून निदान करायचं असेल तर गाडी सपाट फरशीवर लावा. आम्ही आमच्या अंगणात, शहाबादीवर लावली.

आता धुणं. इंजिन गार असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. अल्टरनेटर, कॉइल, फ्यूजचा डबा आणि एअर क्लीनरचं तोंड प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बांधलं. डिग्रीझर मारून दहा मिनिटं मुरू दिलं, जुन्या टूथब्रशनं आणि रंगाच्या ब्रशनं कानाकोपरा घासला, मग साध्या नळीनं हलक्या धारेनं धुतलं. वॉशिंग सेंटरची जोराची धार वायरिंगच्या सॉकेटमध्ये पाणी घुसवते, ती इथं नको. डिग्रीझर नसेल तर रॉकेल चालतं, पण मग इंजिन पूर्ण सुकल्याशिवाय चालू करायचं नाही, आणि आसपास विडी-काडी नको. सुकल्यावर मी सगळ्या जोडांवर साधी टाल्कम पावडर फुंकली. हेड कव्हरची (इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाची) कड, टायमिंग चेनच्या कव्हरची कड, ऑइल फिल्टरचं बूड, प्रेशर स्विच, चेंबरची शिवण, सगळं पांढरं. तेल कुठं पाझरलं की पावडर तिथं ओली होऊन काळी रेघ उमटते आणि रेघेचं वरचं टोक म्हणजे उगम. बाजारात दिव्याखाली चमकणारा रंग मिळतो, तेलात घालायचा. तोही चांगला. पण पावडर घराघरात असते.

गाडी यवतेश्वरच्या देवळापर्यंत नेली आणि परत आणली. घाट चढताना इंजिनवर जेवढा ताण येतो तेवढा घरासमोर ठेवून चालवण्यात येत नाही, आणि ताण आल्याशिवाय काही गळत्या तोंड दाखवत नाहीत.

परत आल्यावर टॉर्च आणि दातांच्या डॉक्टरकडं असतो तसला छोटा आरसा घेऊन वरून खाली बघत गेलो. नियम एकच. तेल खाली वाहतं आणि चालत्या गाडीत वाऱ्यानं मागं जातं. म्हणून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका शोधायचा. खालचं कितीही बरबटलेलं असो, तिकडं सध्या बघायचं नाही. चेंबरची शिवण ओली दिसते म्हणून चेंबर उतरवणारे लोक मी पाहिलेत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आमची रेघ हेड कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघाली होती. तिथून ती हेडवरून उतरून दोन फाट्यांनी गेली होती. एक फाटा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळकांड्याच्या) पत्र्यावर, म्हणजे करपल्याचा वास तिथून. तापलेल्या मॅनिफोल्डवर सतत तेल पडणं हा आगीचा धोका आहे, नुसता वासाचा प्रश्न नाही. दुसरा फाटा ब्लॉकच्या मागून थेट गिअरबॉक्सच्या घंटेवर, म्हणजे क्लच झाकणाऱ्या घंटेच्या आकाराच्या भागावर. खालचा ठिपका तोच.

मग भाच्याला विचारलं, "चढाला गाडी धक्के मारते का रे?"

"मारते की. दुसऱ्या गिअरला. मला वाटलं पेट्रोल खराब आलं."

या इंजिनात प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी वीज देणारी स्वतंत्र कॉइल असते आणि प्लग हेड कव्हरच्या मधोमध खोल विहिरीसारख्या भोकात बसलेले असतात. त्या भोकांभोवतीही रबरी कडी असतात. मधली कॉइल उपसून काढली तर तिचं रबरी बूट तेलानं फुगलेलं आणि भोकात तेल साचलेलं. म्हणजे कव्हरचं पॅकिंग बाहेरून गेलं होतं आणि प्लगची कडी आतून. धक्क्यांचं आणि गळतीचं दुखणं एकच निघालं.

इथं पाना हातात घेण्याआधी थांबायचं असतं, आणि ही पायरी गॅरेजमध्येसुद्धा फार थोडे लोक करतात. पिस्टनच्या रिंगमधून थोडा जळका वायू कायम खाली चेंबरमध्ये उतरतो. चांगल्या इंजिनातही. तो बाहेर काढायला पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो, इनटेककडं जाणाऱ्या नळीवर. तो चिकटून बसला की वायूला वाट राहत नाही, आत दाब चढतो आणि जिथं रबर कच्चं तिथून तेल बाहेर ढकलतो. अशा इंजिनाला कितीही नवं पॅकिंग घाला, काही महिन्यांत पुन्हा पाझर सुरू. बघायची रीत सोपी आहे. इंजिन आयडलला ठेवून तेल ओतायचं झाकण काढायचं आणि भोकावर वहीचा कागद धरायचा. कागद हलकासा आत ओढला गेला तर ठीक. फडफडत बाहेर उडाला तर व्हॉल्व्ह तुंबलाय, किंवा रिंगा झिजल्यात. व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला की आतली पिन टकटक वाजली पाहिजे. आमचा मुका होता. नवा घेतला. फार महाग वस्तू नाही, आणि माझ्या मते त्या दिवशीची सगळ्यात महत्त्वाची खरेदी तीच होती.

बाकी सामान पोवई नाक्याकडच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून आणलं. हेड कव्हरचं पॅकिंग प्लगच्या कड्यांसकट, कॉइलचं एक बूट, ड्रेन बोल्टचा वॉशर, ऑइल फिल्टर, हाय टेंपरेचर सिलिकॉनची छोटी ट्यूब. पॅकिंग घेताना गाडीचा चासिस नंबर सांगून घ्या. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक इंजिनं बदललेली असतात, आणि एका मिलिमीटरचा फरकही खाचेत बसत नाही. पॅकिंगमध्ये स्वस्ताच्या मागं लागू नये, हे मी प्रेसवर शिकलो. दिसायला सगळं रबर काळंच असतं. गरम तेलात वर्षभर राहिल्यावर कुठलं मऊ राहतं, फरक तिथं पडतो.

उघडायचं काम हळू केलं. प्लगच्या भोकातलं तेल आधी औषधाच्या सिरिंजला बारीक नळी लावून ओढून घेतलं, राहिलेलं कापडानं टिपलं. तसाच प्लग काढला असता तर ते तेल घाणीसकट सिलिंडरमध्ये गेलं असतं. कॉइलच्या सॉकेटचं प्लॅस्टिक उष्णतेनं ठिसूळ होतं, लॉक दाबूनच ओढायचं, वायरला धरून नाही. कव्हरचे बोल्ट दहाच्या गोटीनं (सॉकेट पान्यानं) बाहेरून आत, आळीपाळीनं थोडे थोडे सैल केले. कव्हर चिकटलं होतं. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही, कडेला ओरखडा पडला की तिथूनच नवी गळती. रबरी हातोडीनं कडेनं ठोकत गेलो, मग ते सुटलं.

आत कॅमशाफ्ट आणि चेन दिसली, तेलात माखलेली, मधासारखी तपकिरी. गाळ नव्हता. मागच्या मालकानं तेल वेळेवर बदललं होतं हे त्यावरून कळलं आणि मला बरं वाटलं. उघड्या हेडवर लगेच स्वच्छ सुती कापड झाकलं. एक वॉशर जरी चेनच्या पोटात पडला तरी मग खरंच इंजिन खोलावं लागतं.

जुनं पॅकिंग खाचेतून काढून भाच्याच्या हातात दिलं. नवं पॅकिंग दोन बोटांत दाबलं की दबतं आणि सोडलं की पुन्हा फुगतं, त्याची कड गोलसर असते. जुन्याची कड दाबून दाबून पट्टीसारखी सपाट झाली होती आणि ती सोडल्यावरही सपाटच राहत होती. वाकवलं तर मागच्या कोपऱ्याशी कट्‌कन तुटलं. तुटलेल्या तोंडाला नख लावलं तर आत रबर राहिलंच नव्हतं, कोळशाच्या तुकड्यासारखं कडक काहीतरी. रबर दाबून धरलेलं असतं तोवर ते उलट दाब देतं आणि त्या उलट दाबावर तेल अडतं. वर्षानुवर्षं तापून-गार होऊन त्याची ही ताकद संपते. बोल्ट कितीही आवळले तरी ती परत येत नाही. म्हणून "गळतंय ना, बोल्ट आवळा" हा सल्ला ऐकू नका.

खाच आणि हेडची कड साफ करायला सगळ्यात जास्त वेळ गेला. लाकडाची चपटी कामटी करून जुनं सिलिकॉन खरवडलं, मग पेट्रोलमध्ये पिळलेल्या फडक्यानं पुसलं, मग कोरड्यानं. पांढरं कापड फिरवल्यावर पांढरंच राहिलं पाहिजे. सील करायची जागा ओशट असेल तर नवं पॅकिंग पहिल्याच दिवशी घसरतं.

आता सिलिकॉनबद्दल. रबरी पॅकिंग खाचेत कोरडं बसतं. त्यावर सगळीकडं सिलिकॉनची वेणी घालायची नाही. सिलिकॉन फक्त तिथं लागतं जिथं चेनचं कव्हर आणि हेड एकमेकांना मिळतात. तो सांधा दोन तुकड्यांचा असतो, तिथं बारीक पायरी राहते, म्हणून त्या दोन कोपऱ्यांवर वाटाण्याएवढा ठिपका. जास्त लावलं की दाबल्यावर ते आतल्या बाजूलाही बाहेर येतं, वाळून तुटतं आणि तेलाबरोबर खाली चेंबरच्या जाळीत जाऊन अडकतं. गळती थांबते आणि इंजिनाचा घसा बंद होतो. बाहेरून भरभरून लावलेलं लाल किंवा राखाडी सिलिकॉन ज्या इंजिनावर दिसेल, ते इंजिन विकत घेताना मी दहा वेळा विचार करीन. हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यावर वाळतं, त्यामुळं आमच्याकडं पावसाळ्यात ते मे महिन्यापेक्षा लवकर धरतं. तरी आम्ही रात्रभर ठेवलं. ट्यूबवर लिहिलेला वेळ पाळा, घाईनं चालू करू नका.

बोल्ट मधून बाहेर, फुलीच्या क्रमानं, दोन फेऱ्यांत. अशा सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण आठ-दहा न्यूटन-मीटर एवढाच पीळ लागतो. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. दहा न्यूटन-मीटर म्हणजे दहा सेंटिमीटरच्या दांड्यावर दहा किलोचा जोर. आडवा दांडा मुठीत धरून ओढला की हा आकडा कधी ओलांडला कळतही नाही. कव्हर वाकतं, रबर खाचेतून फुगून बाहेर येतं आणि दोन बोल्टच्या मधून पाझरायला लागतं, नाही तर ॲल्युमिनियममधले आटेच जातात. माझ्याकडं छोटा टॉर्क रेंच आहे. भाच्यालाच आवळायला लावलं. पहिला टक् आवाज आल्यावर तो म्हणाला, "मामा, एवढंच?" एवढंच.

गाडी उघडीच होती म्हणून तेल आणि फिल्टरही बदलून टाकला. पण गाडीखाली जाण्याआधीचं एक सांगतो, कारण आमच्या उताराच्या गल्ल्यांत लोक याबाबतीत फार बिनधास्त वागतात. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली जायचं नाही. कधीच नाही. जमीन सपाट हवी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाचे ठोकळे, हँडब्रेक ओढलेला आणि वजन स्टँडवर. स्टँड नसतील तर उसने आणा, नाही तर ते काम गॅरेजला द्या. विटांचा थर रचून त्यावर गाडी ठेवायची नाही, वीट न सांगता फुटते.

ड्रेन बोल्ट (चेंबरच्या तळाचा, तेल सोडायचा) काढला तर वॉशर पापडासारखा चिरडलेला. कुणीतरी हवेच्या गननं आवळला होता. आटे वाचले होते, हे नशीब. ते गेले असते तर लेथवाल्याकडून भोक मोठं करून नवी आट्याची बुश बसवावी लागली असती. प्रत्येक वेळी नवा वॉशर घातला आणि बोल्ट बेतानं आवळला की या जागेची गळती जन्मात होत नाही. फिल्टर बसवताना जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहिलं नाही ना हे हात फिरवून बघा. दोन रबरं एकावर एक बसली तर इंजिन चालू झाल्यावर तेलाची पिचकारी उडते. नव्या फिल्टरच्या रबराला तेलाचं बोट लावायचं, रबर टेकेपर्यंत हातानं फिरवायचा आणि मग पाऊण फेरा, तोही हातानंच. प्रेशर स्विचच्या सॉकेटमध्येही डोकावून बघा. त्यातून तेल वायरवर येत असेल तर स्विच बदलायचा, दहा मिनिटांचं काम आहे.

तेल मॅन्युअलमध्ये सांगितलं त्याच ग्रेडचं घातलं. "गळतंय तर जाड तेल घाला" हा आणखी एक लाडका सल्ला आहे. जाड तेलानं थेंब थोडा मंदावतो खरा, पण या बारीक तेलवाटांच्या इंजिनात गार सकाळी ते वर कॅमशाफ्टपर्यंत पोचायला वेळ लावतं. आणि तेलात घालायच्या गळती थांबवणाऱ्या बाटल्या मी वापरत नाही. त्या रबराला फुगवतात. ज्या रबराची ताकद संपलीय ते फुगून काही दिवस अडवतं, मग मऊ पडतं. लांबच्या प्रवासात अडकलात आणि घरापर्यंत पोचायचंय, एवढ्यापुरतं ठीक. दुरुस्ती म्हणून नाही. पातळीही डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेला टेकेल इतकीच. वर गेली तर क्रँक तेलात आपटून फेस करतो आणि आत दाब वाढतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू केली. आयडलला कागद आत ओढला जात होता. पुन्हा पावडर मारली, पुन्हा यवतेश्वर. हेड कव्हरची कड सगळीकडून पांढरीच राहिली. दुसऱ्या गिअरचे धक्केही गेले.

काढलेलं तेल कुठं गेलं, हे कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. आमच्याकडं जळकं तेल खांबांना, चौकटींना वाळवीसाठी फासतात, नाही तर बांधावर किंवा गटारात ओततात. वापरलेल्या तेलात इंजिनातले झिजलेले धातू आणि ज्वलनातून तयार झालेली विषारी द्रव्यं असतात. म्हणूनच तर २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल धरलेलं आहे आणि ते नोंदणी केलेल्या पुनर्वापर करणाऱ्याकडंच जायला हवं. आम्ही ते रिकाम्या कॅनमध्ये भरून, झाकण घट्ट लावून, जिथं असं तेल पिंपात जमवून पुढं पाठवतात त्या गॅरेजला दिलं. तेलानं भिजलेली फडकीही पिशवीत बांधून तिकडंच. हातात मोजे घाला, तेच तेल कातडीलाही वाईट. आणि कासला जाणाऱ्यांना तर माझं हात जोडून सांगणं आहे. २०१२ पासून ते पठार जागतिक वारसा आहे हे सगळ्यांना पाठ असतं. पण कास तलावाचं पाणी सातारा शहर पितं. फुलांच्या दिवसांत त्या बाजूला ज्या गाड्या उभ्या राहतात, त्यांच्या खालचा एकेक ठिपका पुढच्या सरीत कुठं वाहून जातो, याचा विचार करा. गळकी गाडी तिकडं नेऊ नका, आधी दुरुस्त करा.

सगळंच घरी होतं असं नाही. पुलीमागचं, क्रँकच्या दुसऱ्या टोकाचं पुढचं सील पुलर (पुली ओढून काढायचं हत्यार) आणि अनुभव असेल तर करता येतं. मागचं क्रँक सील अंगणात करायचं काम नाही, त्याला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ते सील पूर्ण गेलं की तेल क्लचवर जातं, चढाला इंजिन नुसतं घोंघावतं आणि गाडी पुढं सरकत नाही. भाच्याच्या गाडीत वरची गळती बंद झाल्यावर घंटेच्या खालच्या बाजूला पुसट ओलावा उरलाय. थेंब धरत नाही, पुठ्ठा कोरडा राहतो. म्हणजे गॅरेजवाला सीलबद्दल अगदीच चूक नव्हता, पण आजचं दुखणं ते नव्हतं. या गाडीच्या क्लचची पेडल आता बरीच वर धरायला लागलीय, म्हणजे येत्या वर्षा-दीड वर्षात क्लच प्लेट बदलावी लागेल. तेव्हा गिअरबॉक्स उतरणारच आहे. त्याच मजुरीत मागचं सील घालून घ्यायचं, असं भाच्याच्या डायरीत लिहून ठेवलंय, आणि तोवर दर रविवारी डिपस्टिक बघायची.